याजकाने तपासून पाहावे

माझे वडील कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. हुद्दा सरकारी, पगार बेताचा, सायकल स्वतःची. रायगड जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत आणि अलिबागच्या आसपासची बरीच गावं त्यांच्या वाट्याला आली होती. मे महिन्याच्या सुट्टीत ते मला डबलसीट घेऊन जायचे. त्यात लाडाचा भाग थोडा, कामाचा जास्त. सोबत लहान मुलगी असली की बायका दार उघडतात, पाठीवरचा पदर बाजूला करायला फार आढेवेढे घेत नाहीत, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं.

पिशवीत कोंबडीचं पीस, कापूस, बॉलपेन, पांढऱ्या गोळ्यांचा डबा आणि रजिस्टर. माणसाला अंगणात उजेडात उभं करायचं. डोळे मिटायला सांगायचं. चट्ट्यावर पीस टेकवायचं आणि म्हणायचं, "कुठं लागलं, बोट ठेव." बोट बरोबर जागी गेलं की बाबांचा चेहरा सैल पडायचा. बोट हवेतच घुटमळलं, की ते कोपरामागची नस चाचपायचे आणि मग रजिस्टर उघडायचे. घरात जाऊन ते कधीच तपासत नसत. काळोखात चट्टा फसवतो, म्हणायचे. 'महारोग' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. "चट्टा आहे. गोळ्या घ्यायच्या. सोडायच्या नाहीत." एवढंच. पण त्या तीन वाक्यांनी समोरच्या घरावर काय कोसळायचं ते मी उंबऱ्यावर बसून पाहिलेलं आहे.

प्राचीन इस्राएलच्या याजकांवर लिहायला बसले आणि सुरुवात बाबांच्या पिशवीपासून झाली. माझा इलाज नाही. याजक मला पहिल्यांदा भेटले ते याच वाटेने.

अलिबागच्या इस्राएल आळीत एक आजी राहायची. आमची कोणी नव्हे, पण आम्ही तिला आजीच म्हणायचो. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, ज्यांना जुने लोक शनवार तेली म्हणत, कारण तेलाचा घाणा शनिवारी बंद. तिच्याकडे मराठीतलं जाडजूड पवित्र शास्त्र होतं. मिशनरींच्या छापखान्यातून आलेलं असल्याने त्यात ख्रिस्ती लोकांचा नवा करारही होता. आजीने तो भाग सुतळीने करकचून बांधून टाकला होता. "आपलं इथपर्यंत," असं सुतळीवर बोट ठेवून सांगायची. तिचे डोळे अधू झाल्यावर मी दुपारी जाऊन वाचून दाखवायची. अशाच एका दुपारी लेवीय या पुस्तकाचा 13वा अध्याय आला. कोणाच्या त्वचेवर चट्टा दिसला तर त्याला याजकाकडे आणावं. याजकाने तपासून पाहावं. तिथले केस पांढरे झाले आहेत का, चट्टा कातडीपेक्षा खोल दिसतो का, ते पाहावं. शंका असेल तर सात दिवस वेगळं ठेवावं. सातव्या दिवशी पुन्हा पाहावं. तरीही ठरत नसेल तर आणखी सात दिवस.

मी वाचता वाचता थांबले. हे तर आमच्या घरातलं रजिस्टर होतं.

'याजक' हा शब्दही मला तेव्हाच भेटला. मराठीत आपल्याकडे शब्द कमी नाहीत. भट, भटजी, पुजारी, गुरव, बडवे, उपाध्ये. पण प्रत्येक शब्दाच्या खांद्यावर आपापलं ओझं. शास्त्र मराठीत आणणाऱ्यांनी सगळे बाजूला ठेवले आणि 'याजक' घेतला, जो आपल्या आळीतल्या कोणत्याच जिवंत माणसाला लागू पडत नाही. हे शहाणपणाचं झालं. कारण मूळ हिब्रूतला 'कोहेन' आपल्या कोणत्याच शब्दात नीट मावत नाही. कोहेन म्हणजे प्रवचनकार नव्हे, ज्योतिषी नव्हे, घरोघर जाऊन लग्न लावणाराही नव्हे. त्या समाजात लग्न लावायला याजक लागतच नसे.

मग तो करायचा काय? लेवीय 13 आणि 14 हे दोन अध्याय मिळून 116 वचनं आहेत, आणि त्यांतला बहुतेक भाग एकाच कामाबद्दल आहे: बघणं. पांढरा ठिपका, लालसर सूज, भाजल्याची जागा, डोक्यातली खरूज, टक्कल (नुसतं टक्कल असेल तर माणूस शुद्ध आहे, हे स्पष्ट लिहून ठेवलं आहे; कोणा केस गळणाऱ्या गृहस्थाने आग्रह धरला असावा). याजक औषध देत नाही. लेप लावत नाही. मंत्र म्हणत नाही. तो बघतो, थांबतो, पुन्हा बघतो, आणि शेवटी एक शब्द उच्चारतो: शुद्ध किंवा अशुद्ध. ज्याच्या वाट्याला दुसरा शब्द आला त्याने कपडे फाडायचे, केस मोकळे सोडायचे, वरचा ओठ झाकायचा, "अशुद्ध! अशुद्ध!" असं ओरडत लोकांच्या तंबूंच्या छावणीबाहेर एकट्याने राहायचं.

एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. हिब्रूतला हा आजार 'त्साराअत'. तो आणि आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तो एक नव्हेत. कुष्ठाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेनने 1873 साली शोधला. त्याने माणसाच्या नसा जातात, बधिरपणा येतो. त्साराअतमध्ये बधिरतेचा उल्लेखही नाही. शिवाय तो लोकरीच्या कापडाला होतो, चामड्याला होतो, घराच्या भिंतीला होतो. पण हिब्रूचं ग्रीक करताना 'लेप्रा' म्हणजे खपल्यांचा आजार असा शब्द वापरला गेला, लेप्राचा पुढे कुष्ठ झाला, आणि मराठीत उतरताना 'महारोग'. एका शब्दाच्या घसरणीने जगभरच्या किती माणसांच्या कपाळी छावणीबाहेरचं जिणं आलं, हा विचार मला लहानपणी शिवला नाही. आता शिवतो. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून 2019 पर्यंत नांदत होतं.

भिंतीच्या चट्ट्याचा भाग मात्र आजीला फार आवडायचा. कोकणात पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, हिरवट-तांबूस बुरशी चढते, त्यामुळे असेल. घरमालकाने याजकाकडे जाऊन सांगायचं, "मला घरात चट्ट्यासारखं काही दिसतंय." चट्टा आहे असं म्हणायचं नाही, 'चट्ट्यासारखं' म्हणायचं, मालक कितीही शिकलेला असो, निवाडा त्याचा नाही. मग याजकाने काय करायचं? ताबडतोब धावत जायचं नाही. आधी निरोप पाठवायचा: घर रिकामं करा. कारण याजक आत आला, त्याने पाहिलं आणि शब्द उच्चारला, की आतलं सगळंच अशुद्ध ठरणार. तो यायच्या आत जे बाहेर काढलं ते वाचलं.

सुमारे इ.स. 200च्या सुमारास ज्यू पंडितांनी मिश्ना नावाचा जो विधिसंग्रह नीट लावला, त्यात रब्बी मेईर या पंडिताने विचारलं आहे, की या नियमाने नेमकं वाचतं काय? लाकूड, कापड, धातूची भांडी अशुद्ध झाली तरी पाण्यात बुडवून शुद्ध होतात. उरतात फक्त मातीची मडकी आणि गाडगी. माती एकदा विटाळली की फोडूनच टाकावी लागते. म्हणजे देवाने हा सगळा खटाटोप केला तो गरिबाच्या दोन मडक्यांसाठी! मी हे पुष्कळ वर्षांनी इंग्रजीतून वाचलं तेव्हा आजी हयात नव्हती. तिला आवडलं असतं. (असं घर प्रत्यक्षात कधी सापडलंच नाही, असंही काही पंडित म्हणतात. तर काही म्हणतात, गाझाजवळ एक ओसाड जागा होती, लोक तिला त्या नावाने ओळखत. असले वाद मला त्या लोकांचे फार जवळचे वाटतात.)

मिश्नातल्या त्या प्रकरणाचं नाव 'नेगाईम', म्हणजे चट्टे. ते वाचताना माझी सारखी गाठ बाबांशी पडत होती. चट्टा पहाटे बघू नये, संध्याकाळी बघू नये, घराच्या आत बघू नये, आभाळ भरलेलं असताना बघू नये. ज्या याजकाचा एक डोळा गेला आहे किंवा नजर अधू आहे त्याने बघू नये. माणसाने सगळ्यांचे चट्टे बघावेत, स्वतःचे सोडून. रब्बी मेईर म्हणतो, नातेवाइकांचेही नकोत.

आणि मग हे: नवरदेवाच्या अंगावर चट्टा दिसला तर त्याला लग्नाचे सात दिवस मोकळे द्यावेत. सणाच्या दिवसांत तर कोणालाच तपासू नये.

तिथे मी पुस्तक मिटलं, कारण मला एक हळद आठवली.

किनाऱ्यावरचं एक गाव. बाबा पोलीस पाटलाकडे काही कामाला गेले होते, शेजारी मांडव होता, कोणीतरी हाक मारून आत नेलं. आम्हाला सरबत दिलं. नवरदेव पाटावर बसलेला, बायका गाणी म्हणत हळद लावत होत्या. भर मे महिना. त्याचं सगळं अंग घामाने चकाकत होतं. उजव्या दंडाच्या मागे रुपयाएवढी एक जागा मात्र कोरडी होती. हळद तिथे घामात विरघळत नव्हती, चुन्यासारखी सुकून तडकली होती. मला काही कळलं नाही. पण बाबांनी ते पाहिलं आणि मी बाबांना पाहताना पाहिलं. त्यांनी सरबत संपवलं, दोन रुपये आहेर केला आणि आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर ते एक शब्द बोलले नाहीत. आठ-दहा दिवसांनी ते एकटेच गेले, पीस आणि गोळ्या घेऊन.

आई भडकली होती. "त्या मुलीच्या बापाला कळायला नको होतं?" बाबा म्हणाले, "कळलं असतं तर लग्न मोडलं असतं आणि पोरगा गाव सोडून पळाला असता. चट्टा तसाच राहिला असता." आई म्हणाली, "मोडायचं की नाही हे ठरवायचं तुमच्या हातात कोणी दिलं?" त्यावर बाबांकडे उत्तर नव्हतं. मिश्नाच्या पंडितांकडे तरी आहे का, मला ठाऊक नाही. त्यांनी नवऱ्याला सात दिवस दिले. नवरीला विचारल्याचं कुठे लिहिलेलं नाही. मी आजही त्या प्रश्नावर अर्धी आईच्या बाजूला आहे.

बघण्याचं काम कोणाकडे, हे मात्र जन्माने ठरायचं. इस्राएलांचा पुढारी मोशे याचा भाऊ अहरोन, त्याच्या वंशातले पुरुष ते याजक. त्यांच्या लेवी या गोताची बाकीची माणसं म्हणजे लेवी, त्यांनी हाताखाली राबायचं. बाकीच्या गोतांना देशात जमिनी मिळाल्या, लेव्यांना शेतजमिनीचा वाटा नाही. त्यांनी लोकांच्या दशमांशावर जगायचं. ऐकायला छान वाटतं. पण अनुवाद या पुस्तकात दयेची आठवण करून देताना अनेक ठिकाणी परका, अनाथ, विधवा या यादीत लेवीही येऊन बसलेला आहे. पुढे नहेम्या या सुभेदाराच्या काळात, म्हणजे इ.स.पू. पाचव्या शतकात, वाटा मिळेनासा झाल्यावर लेवी जेरुसलेमचं मंदिर सोडून सरळ आपापल्या शिवारात निघून गेले.

शास्ते या पुस्तकातली एका तरुण लेव्याची गोष्ट तर सरळ नोकरीच्या शोधाचीच आहे. हा बेथलेहेमहून निघाला, जिथे सोय होईल तिथे राहीन म्हणत. एफ्राईमच्या डोंगराळ मुलखात मीखा नावाच्या माणसाने त्याला घरच्या देव्हाऱ्यावर ठेवून घेतलं. पगार वर्षाला 10 शेकेल, म्हणजे तेवढ्या वजनाची चांदी, एक कपड्यांचा जोड आणि जेवण. पुढे दान गोताचे लोक तिथून चालले होते. त्यांनी देव्हारा उचलला आणि या तरुणाला विचारलं, एका घराचा याजक होणं बरं की एका अख्ख्या गोताचा? त्याला आनंद झाला, असं लिहिलं आहे. निघाला मूर्ती घेऊन. शेवटी कळतं की हा मोशेच्या वंशातला. पुढच्या लेखनिकांना हे इतकं लाजिरवाणं वाटलं, की त्यांनी 'मोशे' या नावात 'नून' हे अक्षर जरासं वर टांगून ठेवलं आणि त्याचा 'मनश्शे' केला. ते टांगलेलं अक्षर हिब्रू पोथ्यांत अजून दिसतं. मला या लोकांची हीच गोष्ट आवडते. लपवायचं तर आहे, पण खोडायचं नाही.

अर्पणाचा भाग मी थोडक्यात उरकते, कारण त्यावर बहुतेक लोक बोलतातच. फक्त एक गैरसमज. आपल्या डोळ्यांसमोर येतो तो सुरी घेतलेला याजक. लेवीयच्या पहिल्या अध्यायात मात्र जनावर आणणारा माणूसच त्याच्या डोक्यावर हात ठेवतो आणि तोच ते कापतो. याजकाचं काम त्यानंतर सुरू होतं: रक्त भांड्यात धरणं, वेदीवर शिंपडणं, लाकडं रचणं, राख काढणं. ज्याची ऐपत नाही त्याने मेंढीऐवजी दोन पारवे आणावेत; तेही नसतील तर थोडंसं पीठ. शांत्यर्पणातलं जनावराचं ऊर याजकाच्या वाट्याचं. ते आधी देवासमोर हलवायचं. मराठी भाषांतरकारांनी त्या हलवण्याला 'ओवाळणी' शब्द घातला आहे, आणि आजी तो वाचून दर वेळी हसायची: "बघ, देवाची भाऊबीज."

याच वाट्यावरून भानगडीही झाल्या. शिलो इथल्या वृद्ध एली याजकाचे दोन मुलगे. मांस शिजत असताना त्यांचा नोकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा, कढईत, तव्यात, हंड्यात खुपसायचा आणि वर येईल ते घेऊन जायचा. पुढे तर कच्चंच द्या, नाहीतर जबरदस्तीने घेईन, अशी भाषा. शास्त्रात याजकांवरची सगळ्यात कडक टीका कोणा नास्तिकाने केलेली नाही. होशेय संदेष्टा म्हणतो, हे माझ्या लोकांच्या पापावर पोट भरतात. आणि टीका करणाऱ्यांतले यिर्मया आणि यहेज्केल हे दोघे स्वतः याजकांच्या घरातले.

मंदिराच्या शेवटच्या शतकात मुख्य याजकाचं पद तर राजकारणाच्या बाजारातच आलं होतं. योसेफस हा इतिहासकार स्वतः याजककुळातला. त्याने मोजून ठेवलं आहे, की हेरोद राजापासून इ.स. 70 मध्ये मंदिर जळेपर्यंत 28 मुख्य याजक झाले. काही काळ तर मुख्य याजकाची सणाची वस्त्रं रोमन अधिकाऱ्यांच्या ताब्यात, अँटोनिया किल्ल्यात कुलूपबंद असायची. देवासमोर उभं राहायचं तर आधी परक्याच्या शिपायाकडून अंगरखा मागून आणायचा.

अशाच एका मुख्य याजकाची रात्र मिश्नाने जपून ठेवली आहे. वर्षातून एक दिवस, प्रायश्चित्ताच्या दिवशी, त्याने मंदिराच्या सगळ्यात आतल्या, परमपवित्र स्थानात एकट्याने जायचं. त्याआधी सात दिवस त्याला घरून हलवून मंदिरात ठेवत. वडीलधारे येऊन विधी वाचून दाखवत आणि म्हणत, "महाराज, तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवा. कदाचित विसरला असाल, कदाचित शिकलाच नसाल." केवढं सौम्य आणि केवढं बोचरं. आदल्या दिवशी त्याला शपथ घालत, की ठरल्यात काही बदल करणार नाहीस. मग तो बाजूला होऊन रडे, आणि तेही बाजूला होऊन रडत. रात्रभर झोपू द्यायचं नाही. शिकलेला असेल तर त्याने शास्त्र सांगावं, नसेल तर दुसऱ्यांनी वाचून दाखवावं. डुलकी लागली तर तरुण याजक समोर चुटक्या वाजवत आणि गार फरशीवर अनवाणी उभं राहायला सांगत. सकाळी सोन्याची वस्त्रं उतरवून साधं तागाचं पांढरं नेसून तो आत जायचा. त्याच्या पायाला दोरी बांधत, आत मेला तर ओढून काढायला, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. ती मिश्नात नाही. ती पुष्कळ नंतरच्या मध्ययुगातली आहे. मला तिची गरजही वाटत नाही. चुटक्या पुरेशा आहेत.

अहरोनकडे परत येते. लेवीयच्या दहाव्या अध्यायात त्याचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, न सांगितलेला अग्नी घेऊन देवासमोर जातात आणि जळून मरतात. पुढे लिहिलं आहे: अहरोन गप्प राहिला. त्याला केस मोकळे सोडायची मुभा नव्हती, कपडे फाडायची नव्हती, दारातून बाहेर पडायची नव्हती, कारण अभिषेकाचं तेल अंगावर होतं. त्याच दिवशी मोशे रागावतो, की पापार्पणाचं मांस नियमाप्रमाणे खाल्लं का नाही? तेव्हा कुठे अहरोन बोलतो. आज माझ्यावर हे असं ओढवलंय. आज मी ते खाल्लं असतं तर देवाला बरं वाटलं असतं का? मोशेला ते पटलं, एवढंच पुढे आहे. सगळ्या नियमांच्या पुस्तकात नियम मोडून उभा राहिलेला हा एक बाप.

त्यानंतर गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात त्याची बहीण मिर्याम. तिच्या अंगावर त्साराअत उमटतं, बर्फासारखं पांढरं. अहरोन वळून तिच्याकडे बघतो. मूळ वाक्य एवढंच आहे. इतरांचे चट्टे बघणारा बहिणीचा चट्टा बघतो आणि त्याच्या तोंडून तो शब्द फुटत नाही. तो मोशेची गयावया करतो. मोशे पाच हिब्रू शब्दांची प्रार्थना करतो. मिर्यामला सात दिवस छावणीबाहेर ठेवतात, आणि ती परत येईपर्यंत सगळे लोक मुक्काम हलवत नाहीत. पुढच्या पंडितांना मात्र वेगळीच अडचण: मोशे याजक नाही, अहरोन नातेवाईक. मग तिला तपासलं कोणी? त्यांनी उत्तर काढलं, की देवच त्या दिवशी कोहेन झाला.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते दुसऱ्याच एका तपशिलाने. अहरोन आणि त्याच्या मुलांना याजक केलं तेव्हाचा विधी लेवीयच्या आठव्या अध्यायात आहे. मेंढ्याचं रक्त घेऊन ते उजव्या कानाच्या पाळीला लावलं, उजव्या हाताच्या अंगठ्याला लावलं, उजव्या पायाच्या अंगठ्याला लावलं. तीन ठिकाणं. मग 14व्या अध्यायात, चट्टा बरा झालेला माणूस. त्याच्यासाठी याजकाने स्वतः छावणीबाहेर जायचं. रोगी आत येत नाही, याजक बाहेर जातो. तपासायचं. बरा असेल तर दोन पक्षी, गंधसरूचं लाकूड, किरमिजी सूत, एजोब नावाच्या झुडपाची डहाळी. एक पक्षी मारायचा, दुसरा रानात सोडून द्यायचा. माणसाने भुवयांसकट सगळे केस काढायचे. आणि आठव्या दिवशी याजकाने अर्पणाचं रक्त घ्यायचं आणि लावायचं: उजव्या कानाची पाळी, उजव्या हाताचा अंगठा, उजव्या पायाचा अंगठा. त्यावर तेल.

तीच ठिकाणं, तीच उजवी बाजू. ज्याला कोणी शिवत नव्हतं त्याच्या कानाला, स्वतःच्या कानाला जसं लावलं होतं तसं, याजक बोट लावतो. हे जुळवून लिहिणाऱ्याच्या मनात नेमकं काय होतं, त्यावर विद्वान वाद घालोत. बाबा कोपरामागची नस चाचपताना त्या माणसाचा हात आपल्या तळव्यावर तोलून धरायचे, आणि काही म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांतून तेवढ्यानेच पाणी यायचं. मी ते बघितलंय, म्हणून मला या वचनांचा अर्थ कोणाला विचारावासा वाटला नाही.

मंदिर गेलं आणि याजकांचं काम एका दिवसात संपलं. वेदी नाही, राख नाही, चट्टे तपासणं नाही. कोहेन घराणी उरली, नावं उरली आणि एक आशीर्वाद उरला. हिब्रूत 15 शब्दांचा: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो; परमेश्वर आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो आणि तुझ्यावर कृपा करो; परमेश्वर आपलं मुख तुझ्याकडे करो आणि तुला शांती देवो. 1979 साली जेरुसलेमच्या केतेफ हिन्नोम या जागी खडकात कोरलेल्या थडग्यांत चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या. गळ्यात बांधायचे ताईत असावेत. उलगडायला तीन वर्षं लागली. आत खरवडलेली याच आशीर्वादाची अक्षरं होती, पहिलं मंदिर, जे पुढे बाबिलच्या लोकांनी पाडलं, ते अजून उभं होतं त्या काळाच्या आसपासची.

आमच्या आजीच्या लोकांत कोहेन नव्हतेच. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, ही त्यांची कथा. त्या सातांत अहरोनाच्या वंशातला कोणी होता असं त्यांच्यात कोणी सांगत नाही. बाबिलच्या बंदिवासातून परतलेल्यांतही काही घराणी अशी होती, की वंशावळीत नाव सापडेना म्हणून त्यांना याजकपणातून वगळलं. आजीच्या लोकांनी मुळात दावाच केला नाही. त्यांचा आशीर्वाद हज्जानच, म्हणजे पुढे उभा राहून प्रार्थना म्हणणाराच वाचायचा, प्रार्थनेचा भाग म्हणून. मलिद्याचे पोहे आणि एलियाहू संदेष्ट्याचं नाव यांवर त्यांचं छान चाललं होतं.

1970च्या दशकात आजी मुलाकडे इस्राएलला गेली, अश्दोदला. तिकडून निळ्या एअरोग्रामवर पत्रं यायची, नातवाच्या हाताने लिहिलेली. नातवाचं मराठी कच्चं, पण मजकूर तिचाच. एका पत्रात हे होतं:

"इथे रोज सकाळी कोहेन पुढे उभे राहून हात वर करतात आणि आशीर्वाद देतात. डोक्यावरून हातांवरून शाल ओढलेली असते. तेव्हा त्यांच्याकडे बघायचं नसतं, सगळे मान खाली घालतात. मला सुनेने बजावून ठेवलं होतं. पण सत्तर वर्षं ज्याबद्दल ऐकलं ते न बघता कसं राहवेल, तूच सांग. मी पदराआडून बघितलं. एकाची शाल जरा सरकली होती. हात आधी धुतात बरं का, लेवी पाणी घालतात. तरी नखांत काळं होतं. नंतर कळलं, खालच्या रस्त्यावर मोटारी दुरुस्त करतो तो. तुझ्या बाबांना सांग, माझी नजर अजून चांगली आहे."